ठाण्यात-नवी मुंबईत द्राक्षाची वेल लावताय? लावणीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत पाण्याचं सगळं

दिवाळी झाली की ओळखीतल्या दोन-तीन जणांचे तरी फोन येतात, नर्सरीतून द्राक्षाचं रोप आणलंय, आता काय करू. आणि मग फेब्रुवारीत त्यातल्याच एखाद्याचा परत फोन, अगं पानं पिवळी पडून गळायला लागली, पाणी तर रोज न चुकता घालतोय. त्या "रोज न चुकता" मध्येच घोळ आहे. आपल्या भागात मी मेलेली द्राक्षाची रोपं जेवढी बघितली त्यातली बहुतेक जास्त पाण्याने गेली, तहानेने गेलेली अगदी थोडी. म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहून काढावं, नव्याने लावणाऱ्यांसाठी.

माझं आजोळ नाशिककडच्या निफाड तालुक्यातलं, मामाची द्राक्षबाग, त्यामुळे लहानपणापासून बघत आलेय. पण बागेतलं जसंच्या तसं इथे वर्तकनगरच्या टेरेसवर आणून चालत नाही हे मला वेल लावल्यावरच कळलं. तिकडे पाऊस कमी, हवा कोरडी, ऑक्टोबर ते मार्च आभाळ बहुतेक मोकळं. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि पावसाळाभर इतका दमटपणा की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. द्राक्षाच्या पानावर पाणी रेंगाळलं की डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग आलेच समजा. म्हणजे इथे वेल छान वाढते, मांडव हिरवागार होतो, घडही येतात, पण नाशिकच्या बाजारातल्या घडासारखा घड मिळेल म्हणून कोणी लावत असेल तर आधीच सांगते, तशी अपेक्षा नको. आपल्या हाताने लावलेल्या वेलीवरचे आठ-दहा घड मिळणं हीसुद्धा माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

कुठलं रोप घ्यायचं

थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही नावं सगळ्यांना माहीत असतात आणि नर्सरीवाले तीच देतात, पण ह्या पांढऱ्या बिनबियांच्या जाती आपल्या दमट हवेत रोगाला लवकर बळी पडतात. पहिल्यांदाच लावत असाल तर माझं मत बेंगलोर ब्लू घ्या. बिया असतात, साल जाड असते, चव थोडी वेगळी, ज्यूसची असते तशी, पण वेल काटक आहे आणि करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. तांबेरा (हाही बुरशीचाच रोग) येतो तिच्यावर, ते लक्षात ठेवा. काळी पण बिनबियांचीच पाहिजेत असं असेल तर शरद सीडलेस, फक्त फवारणीची तयारी ठेवा.

कलम केलेलं रोप असेल तर खाली खुंट, म्हणजे मुळांचा भाग, असतो, आपल्याकडे बहुतेक डॉगरिज जातीचा, आणि वर हवी ती जात बांधलेली असते. डॉगरिज पाण्याचा ताण आणि खारटपणा सहन करतो म्हणून बागायतदार तो वापरतात. नवी मुंबईत खाडीजवळ जमिनीतच लावणार असाल तर कलमी रोपच घ्या. ड्रममध्ये लावणाऱ्यांनी नुसत्या काडीपासून केलेलं रोप घेतलं तरी चालतं.

नर्सरीत रोप बघताना पानांचा पसारा बघून भुलू नका. कलमाचा जोड बघा, तो चांगला भरलेला पाहिजे, बोटाने हळूच हलवलं तर तिथे हलता कामा नये. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन तिथल्या जमिनीत गेलेली असतील तर ते रोप सोडून द्या, उपटताना तीच मुळं तुटतात.

लावायचं कधी

पावसाळ्यात लावू नका, एवढं तरी माझं ऐकाच. जून-जुलैमध्ये सगळी झाडं लागतात म्हणून लोकं द्राक्षही लावतात आणि ते बिचारं कोवळं रोप चार महिने ओल्या मातीत आणि ओल्या पानांनी उभं राहतं. आपल्याकडे चांगला मुहूर्त म्हणजे दिवाळीनंतरचा, ऑक्टोबर हीट संपून सकाळी थोडा गारवा सुटायला लागला की. आपली थंडी नाशिकसारखी कडक नसते, त्यामुळे रोप अगदी झोपून जात नाही, हळूहळू मुळं पसरत राहतात, आणि पुढच्या जूनपर्यंत हातात सात महिने कोरडे मिळतात. दिवाळी चुकली तर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत लावा. मार्चनंतर नको, उन्हात रोप आणि तुम्ही दोघंही दमाल.

जागा

रोज सहा तास तरी थेट ऊन पाहिजे, आणि त्यात सकाळचं ऊन असेल तर सोन्याहून पिवळं, कारण रात्रीचं दव सकाळीच वाळून जातं. घोडबंदरला किंवा पाम बीचच्या बाजूला उंच मजल्यावर राहत असाल तर वाऱ्याचा विचार करा, कोवळा फुटवा वाऱ्याने बुडातून मोडतो.

टेरेसवर लावायचं तर आधी सोसायटीची परवानगी, तीही लेखी. आणि वजनाचं गणित करा. २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापला की १०० लिटरचे दोन भाग होतात, त्यातला एक भाग ओल्या मातीने भरला की सव्वाशे किलोच्या वर जातो, म्हणून तो स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, बीम-कॉलम जिथे आहे त्या कडेला ठेवा. खाली विटा ठेवून चार इंच उचला. ह्याचा पाण्याशी थेट संबंध आहे, पुढे सांगते. ६० लिटरच्या खालच्या कुंडीत द्राक्ष लावू नये असं माझं मत आहे, लावलं तर जगतं, पण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी द्यायची वेळ येते आणि एक दिवस गावाला गेलात की संपलं.

कोपरखैरणे, वाशी, नेरूळला रो हाऊसवाल्यांना थोडी जमीन मिळते, पण बऱ्याच ठिकाणी ती भरावाची असते, खणलं की वरच्या फूटभर मातीखाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निघतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या आणि लावायच्या आदल्या दिवशी तो पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जिरलेलं असेल तर ठीक. तसंच साचलेलं दिसलं तर त्या खड्ड्यात लावू नका, जमिनीच्या वर दीड-दोन फुटांचा विटांचा वाफा करा आणि त्यात लावा. आणि खाडीजवळच्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते वेलीला अजिबात नको, नळाचं पाणी द्या.

माती आणि ड्रम

ड्रमला तळाशी अंगठ्याएवढी सात-आठ भोकं पाडा आणि कडेलाही तळापासून दोन इंचावर चार भोकं, म्हणजे तळाची बुजली तरी पाणी निघायला वाट राहते. भोकांवर फुटक्या कुंडीचे तुकडे किंवा शेडनेटचा तुकडा ठेवा.

मातीचं माझं प्रमाण असं, लाल माती चार घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन घमेली, भिजवून पिळलेलं कोकोपीट एक घमेलं, भरड वाळू किंवा बारीक खडी एक घमेलं, आणि शेवटी दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट जास्त घालायचा मोह होतो कारण ड्रम हलका होतो, पण पावसाळ्यात ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं. कच्चं शेण तर घालूच नका, ते मातीत तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

ड्रम भरल्यावर एकदा पाणी देऊन दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, माती बसते, मग वरून अजून भरा. हे न करता लगेच लावलं तर पुढच्या महिन्यात माती तीन इंच खाली जाते आणि रोप खळग्यात.

लावायचा दिवस

संध्याकाळी लावा, ऊन उतरल्यावर. तासभर आधी रोपाच्या पिशवीला भरपूर पाणी द्या. मग पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका. मातीच्या गोळ्याच्या तळाशी मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर ती बोटांनी हळूच मोकळी करा, फारच गुंता असेल तर तळाचा अर्धा इंच सरळ कापून टाका, घाबरू नका, नवीन मुळं तिथूनच फुटतात.

रोप ठेवताना कलमाचा जोड मातीच्या वर चार ते सहा इंच राहिला पाहिजे. हा जोड मातीत गाडला गेला तर वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंट घेतल्याचा काही उपयोग राहत नाही. जोडाला प्लास्टिकची पट्टी बांधलेली असेल आणि ती खोडात रुतायला लागली असेल तर ती आत्ताच सोडवा.

माती भरून हाताने दाबा, पायाने तुडवू नका. खोडाजवळ माती थोडी उंच आणि कडेकडे उतरती ठेवा, आणि आळं खोडापासून चार-पाच इंच लांब गोल करा, म्हणजे पाणी आळ्यात राहतं आणि खोड कोरडं राहतं. मग झारीने हळूहळू पाणी, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ह्याने मातीतल्या पोकळ्या बुजतात. बांबू आत्ताच रोवा, नंतर रोवलात तर मुळांतून जातो.

पहिले १५ दिवस, इथे बहुतेक जण चुकतात

रोपाचा पिशवीतला मातीचा गोळा आणि ड्रममधली तुमची माती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात. पानं पाणी ओढतात ते गोळ्यातून, त्यामुळे गोळा आधी सुकतो आणि आजूबाजूची माती ओलीच राहते. खारघरला माझ्या मावसबहिणीकडे असंच झालं, ड्रमच्या कडेला पाइप सोडून ती पाणी देत होती, माती वरून काळीभोर ओली, आणि रोप मात्र माना टाकलेलं. मी गोळ्यात काडी खुपसली तर भुरभुरीत कोरडी बाहेर आली.

म्हणून पहिले १५ दिवस पाणी थोडं पण गोळ्यावरच, एक दिवसाआड साधारण एक ते दीड लिटर, खोडापासून तीन-चार इंचाच्या आत पण खोडावर न ओतता. ड्रमभर पाणी द्यायची गरज नाही. ऊन फारच असेल तर दुपारपुरती जुन्या ओढणीची किंवा शेडनेटची सावली करा.

वाफसा म्हणजे काय, आणि तो ओळखायचा कसा

मामाला मी पहिल्यांदा विचारलं होतं की दर किती दिवसांनी पाणी देऊ, तर तो म्हणाला, "मला काय विचारते, मातीला विचार, वाफसा आला का बघ." वाफसा म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही, ओल आणि हवा दोन्ही आहे अशी अवस्था. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, माती सतत ओली राहिली की मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजतात.

बघायचं कसं, तर वरची माती बाजूला करून तीन-चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि लाडू वळतो तशी दाबा. बोटांतून पाणी आलं किंवा तळव्याला चिखल लागला तर अजून दोन दिवस पाणी नको. लाडू वळला आणि अंगठ्याने हलकेच टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी उद्या-परवा. लाडू वळलाच नाही, नुसती भुकटी, तर आज पाणी द्या आणि भरपूर द्या. रोज माती उकरायची नसेल तर एक बांबूची काडी सहा इंच खोल खुपसून पाच मिनिटांनी काढा, ओली माती चिकटून आली की थांबायचं. इडली झाली का बघायला आपण सुरी घालतो तसंच आहे हे.

पहिल्या १५ दिवसांनंतर पद्धत बदलायची. आता दर तीन-चार दिवसांनी पण एका वेळी तीन-चार लिटर, आणि पाणी खोडापासून थोडं लांब, सहा इंचावर, मग महिन्याभराने नऊ-दहा इंचावर. मुळं ओलीच्या मागे जातात. रोज तांब्याभर पाणी वरवर दिलं तर मुळं वरच्या दोन इंचातच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात तीच पहिली भाजतात. ड्रिप लावणार असाल तर तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर समोरासमोर लावा, अर्धा तास चालवलं की चार लिटर होतं. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवू नका आणि टायमर लावून विसरू नका, हा टायमर पावसाळी ढग आले तरी चालूच राहतो.

वेलीकडे बघूनही बरंच कळतं. शेंडा कोवळा, थोडा वाकलेला, आणि ताणे (वेल ज्यांनी आधार धरते ते दोऱ्यासारखे तंतू) शेंड्याच्याही पुढे गेलेले असतील तर पाणी बरोबर आहे. शेंडा ताठ झाला, ताणे मागे पडले, सुकायला लागले, तर ओल कमी पडतेय. दुपारी पानं थोडी मलूल होतात आणि संध्याकाळी सावरतात, त्यात काळजी नाही. सकाळी सात वाजताच पानं मलूल असतील तर मात्र काडी खुपसून बघा, माती कोरडी असेल तर पाणी द्या, आणि माती ओली असून पानं मलूल असतील तर मुळं कुजायला लागलीत, तेव्हा पाणी पूर्ण बंद करा, ड्रमची भोकं मोकळी करा, वरची माती खुरप्याने हलकी करा. नेमकं ह्याच वेळी माणूस घाबरून अजून पाणी घालतो. माझी पहिली वेल अशीच गेली. कुंडीखाली प्लेट ठेवली होती, गॅलरी खराब होऊ नये म्हणून, आणि प्लेटमध्ये कायम दोन बोटं पाणी. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा खालची मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली, चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत पांढरा दोरा राहायचा, वास गटारासारखा. दीड वर्षांची वेल होती ती, फार वाईट वाटलं होतं. म्हणून प्लेट ठेवू नका आणि ड्रम विटांवर ठेवा, प्लेटमध्ये डासही होतात ते वेगळंच.

रिकट

दिवाळीनंतर लावलेल्या रोपाची जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मुळं धरल्यावर, कलमाच्या जोडाच्या वर दोन-तीन डोळे (जिथून फूट येते ते कोंब) ठेवून काडी कापून टाकायची, बागायतदार ह्याला रिकट म्हणतात. हात धजत नाही, मला माहितीये, दोन फूट वाढलेलं रोप कोण कापेल. पण त्या बारीक काडीतून कधीच चांगलं खोड होत नाही, कापल्यावर जो जोमदार फुटवा येतो त्याचं खोड होतं. कात्री डेटॉलने किंवा स्पिरिटने पुसून घ्या आणि सगळ्यात वरच्या डोळ्याच्या अर्धा इंच वर तिरका काप द्या. कापलेल्या टोकातून काही दिवस थेंब थेंब पाणी गळतं, त्याला काही करायचं नाही, मुळं जिवंत असल्याची ती खूण आहे.

आता पाण्याचं. कापल्यावर वेलीला पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही. ह्या दोन-तीन आठवड्यांत आधीसारखंच पाणी चालू ठेवलं तर माती चिखल होऊन बसते. ओल टिकेल इतकंच, आठवड्यातून एकदा दोन लिटर पुष्कळ झालं. डोळे फुगून कापसासारखे दिसायला लागले आणि तीन-चार पानं उलगडली की मग हळूहळू वाढवा.

फुटवे चार-पाच इंचाचे झाले की सगळ्यात जोमदार आणि सरळ असा एकच ठेवायचा, बाकीचे काढायचे. जोडाच्या खालून खुंटाला फुटवे येतात, त्यांची पानं वेगळी दिसतात, ते दिसले की लगेच बुडातून मोडा, नाहीतर तो खुंटच वेल होऊन बसतो आणि तुमची जात मरते. ठेवलेला फुटवा बांबूला सुतळीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, दर आठ-नऊ इंचावर. पानाच्या बगलेतून येणारी बगलफूट दोन पानांवर खुडत राहा. मांडवाच्या तारेपर्यंत, साधारण साडेचार-पाच फुटांवर पोचला की शेंडा खुडा, मग खालून दोन फुटवे निघतात ते तारेवर उजवीकडे-डावीकडे वळवायचे, हे झाले ओलांडे.

खताचं फार डोक्यात घेऊ नका. नवीन फूट वितभर झाली की पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम विरघळवून ओल्या मातीत द्या, आणि महिन्याला दोन मुठी गांडूळखत. युरियाची मूठ टाकू नका, फूट लुसलुशीत येते आणि किडी तिच्यावरच बसतात.

एप्रिल-मे

ह्या दोन महिन्यांत वेल रोज वाढते, डोळ्यांनी दिसते. आता काडीची परीक्षा रोज करायची, कारण १०० लिटरच्या ड्रमलाही रोज चार-पाच लिटर लागू शकतं, टेरेस तापलेली असेल तर जास्त. पाणी सकाळी आठच्या आत द्या. आणि एक गोष्ट, टेरेसवर उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चहा करण्याइतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडून द्या, हाताला गार लागलं की मगच वेलीला.

मल्चिंग, म्हणजे मातीवर आच्छादन, कराच. रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं फुकट मिळतात, दोन दिवस उन्हात वाळवून घ्या नाहीतर मुंग्या लागतात, किंवा शहाळेवाल्याकडून नारळाच्या शेंड्या आणून तुकडे करा. दोन-तीन इंचाचा थर, खोडापासून चार बोटं लांब. माझं पाणी ह्याने जवळजवळ निम्म्यावर आलं. ड्रमच्या पश्चिमेकडच्या अंगाला गोणपाट गुंडाळा, काळ्या-निळ्या प्लास्टिकच्या आतली माती तिथे अक्षरशः शिजते. ह्या दिवसांत वेल नीट बघत जा, उडद्या भुंगेरे नावाचे किडे कोवळे डोळे कुरतडतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले तरी दोन-चार वेलींना पुरतं.

जून यायच्या आधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात मल्चिंग काढून टाका, तळाची भोकं तारेने मोकळी करा, खोडाभोवती माती चढवा आणि आळं मोडून टाका. उन्हाळ्यात पाणी धरायला केलेलं आळं पावसात डबकं होतं. जमत असेल तर वेलीच्या वर दोन फूट उंच पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर घाला, बाजू मोकळ्या ठेवा. खालची जमिनीकडे लोंबणारी पानं काढा, हवा खेळू द्या.

पाऊस लागायच्या आधी एक टक्का बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, फवारणी करा. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. प्लास्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, चुना गाळून घ्या, आणि मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा, छान आकाशी रंग येतो. लोखंडी भांडं वापरू नका. तयार मिश्रणात चाकूचं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा अजून घाला, नाहीतर पानं करपतात. अगदी कोवळ्या फुटीवर निम्म्या ताकदीचं करा. हातमोजे आणि मास्क लावा, लहान मुलं आसपास नकोत, आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पुढे पावसाने तीन-चार दिवस उघडीप दिली, पानं पूर्ण कोरडी झाली, की परत फवारा.

जून ते सप्टेंबर पाणी द्यायचं नाही. छपराखाली ड्रम असेल किंवा आठवडाभर कडकडीत ऊन पडलं तर काडी खुपसून बघा, तेवढ्यापुरतं द्या. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी पानाखाली पांढरी बुरशी दिसली तर ती डाऊनी, ते पान लगेच काढून कचऱ्याच्या पिशवीत बंद करा, ड्रममध्ये टाकू नका. पावसात निम्मी पानं गेली तरी वेल मेली असं समजू नका, काडी नखाने खरवडून आत हिरवं दिसतंय ना तेवढं बघा.

वेलीवर पहिल्या वर्षी घडाचा तुरा दिसला तर काढून टाका, मुळं आणि खोड अजून लहान आहेत. पहिली फळछाटणी पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला. नाशिककडे ऑक्टोबरमध्ये करतात, पण आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरात हमखास येतो आणि छाटणीनंतरची कोवळी फूट त्यात सापडते, म्हणून मी नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत थांबते. तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी द्राक्षं, म्हणजे होळीच्या आसपास. सध्या तुमच्या वेलीचं पाऊस गेल्यावरचं काम एवढंच, आळं परत करा, वरची दोन इंच माती मोकळी करून गांडूळखत मिसळा, मल्चिंग घाला आणि त्या आठवड्यापासून काडी खुपसून बघायला लागा.